मनोविकाराचा क्लेम नाकारला, तिथून पुढं

पॉलिसी 2017 सालची. मी, बायको आणि दोन मुलं, मिळून तीन लाखांचं कव्हर. हप्ता एकदाही चुकवलेला नाही. 2022 मध्ये धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा कॅशलेसचा अर्ज केला, दुपारपर्यंत मंजुरी आली, हातमोजे-सुया असल्या किरकोळ रकमा सोडल्या तर खिशात हात घालावा लागला नाही. कंपनीबद्दल माझं मत त्यामुळं चांगलं होतं. त्याच पॉलिसीवर, याच कोल्हापुरात, 2025 मध्ये मी स्वतः ॲडमिट झालो. आजार बायपोलर, म्हणजे मन कधी अतिच चढतं तर कधी पार खचतं असा मनोविकार. पुढं काय काय झालं ते तारखांसकट लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत हाताला फार काही लागलं नव्हतं.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचे हिशेब मी बघतो. मार्च एंडिंगला रात्री जागणं आमच्याकडं कौतुकाचं असतं. त्यामुळं मी ओळीनं रात्री झोपलो नाही तरी कुणाला काही वाटलं नाही, मालक तर खूष होते. मग मी पहाटे तीनला जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावून नव्या भट्टीच्या योजना सांगायला लागलो. एकाला घरच्या पैशातून ॲडव्हान्सही देऊन आलो. मेहुण्यानं गाडीत घातलं आणि नेऊन दाखवलं. 18 मार्चला ॲडमिट, 29 मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, डिस्चार्ज.

भरतीच्या अर्जावर सही माझीच होती, हे आधीच सांगून ठेवतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 86 प्रमाणे माणूस स्वतःच्या इच्छेनं दाखल होऊ शकतो, दर वेळी कुणी धरून आणावं लागत नाही. पुढं क्लेममध्ये या सहीचा उपयोग झाला. आमच्याकडं एखाद्याची टर उडवायची असली की अजून रत्नागिरी नाहीतर येरवड्याचं नाव घेतात. मी ज्या वॉर्डात होतो तिथं शेजारच्या खाटांवर एक शिक्षक, एक गुऱ्हाळवाला आणि इंजिनिअरिंगचा एक पोरगा होता.

हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर बायको कार्ड घेऊन गेली तर तिथल्या मुलीनं अर्जच घेतला नाही. "वहिनी, या वॉर्डाला कॅशलेस होत नाही. पाठवून उपयोग नाही." विमा नियामकाचं 2024 चं परिपत्रक सांगतं की कॅशलेसच्या अर्जावर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा. पण अर्जच गेला नाही तर तास मोजणार कुठून? तुमच्यावर ही वेळ आली तर अर्ज पाठवायलाच लावा. नकार येऊ दे, पण तो कंपनीकडून आणि लेखी येऊ दे.

बिल झालं 71,650 रुपये. बायकोनं सोनं न मोडता भिशीतून आणि मेहुण्याकडून जमवलं.

वॉर्डात मी आणखी एक गोष्ट पाहिली. विमा असलेले लोकही रोख भरत होते. शिक्षकांच्या घरचे म्हणाले, "क्लेम टाकला की शाळेत कळणार." इंजिनिअरिंगच्या पोराच्या वडिलांना पुढच्या लग्नाच्या बोलण्यांची काळजी. कंपन्यांना याहून सोयीचं काय असणार? जो खर्च कुणी मागतच नाही तो नाकारावाही लागत नाही. आणि जे थोडे मागतात त्यांनी पहिल्या नकारावर गप्प बसावं, याची तजवीज आपणच घरात करून ठेवलेली असते.

आमच्या घरातही तेच चालू होतं. आईनं गल्लीत सांगून टाकलं होतं, "कावीळ झाल्या." झालं! समोरच्या काकी रोज तांब्याभर उसाचा रस पाठवायला लागल्या. कुणीतरी काविळीची माळ घालणाऱ्याचा पत्ता आणून दिला. मी लिथियमवर, म्हणजे बायपोलरच्या औषधावर, तोंड कोरडं, हात थरथरतायत, आणि समोर उसाचा रस. आईला दुखवायचं नाही म्हणून पीत होतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्लेमचा फॉर्म भरला. सोबत डिस्चार्ज कार्ड, बिलं, औषधांच्या पावत्या, रक्तातल्या लिथियमचे आणि थायरॉईड-क्रिएटिनिनचे रिपोर्ट, कॅन्सल केलेला चेक. मूळ कागद देण्याआधी सगळ्याचं स्कॅन करून ठेवलं, ते फार कामाला आलं. दहा दिवसांनी पहिली शंका आली: सही जुळत नाही. लिथियमनं हात थरथरतो, त्याला मी काय करणार? बँकेत जाऊन मॅनेजरकडून सही प्रमाणित करून आणली. त्यात आठवडा गेला.

मग एक दिवस कंपनीनं नेमलेला चौकशीवाला आला. आधी आमच्याकडं नाही, गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे तिथं. "हे अमुक अमुक, यांना मेंटल प्रॉब्लेम कधीपासून आहे?" दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. तिथून तो समोरच्या काकींकडं. मग आमच्या दारात, हातात फाईल, एकदम नम्र. मी फाउंड्रीत होतो, बायकोनं त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर रडत बसली. याच कायद्याचं कलम 23 सांगतं की स्वतःच्या मानसिक आजाराबाबत गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. डेंग्यूच्या वेळी कुणी दुकानात विचारायला आलं नव्हतं.

संध्याकाळी काकी आल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. काकी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कावीळ न्हवती म्हण की. मग रस उगंच पाजला तुला." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तांब्या बंद. बाकी बोलणंचालणं आहे तसंच आहे. गल्लीतल्या दोन घरांचं मात्र नाही, त्यांची पोरं आमच्याकडं खेळायला येत नाहीत.

6 मे रोजी नकाराचं पत्र आलं. एका ओळीत कारण: पॉलिसीच्या अटींनुसार मानसिक व मनोविकारांवरील उपचार समाविष्ट नाहीत. 2017 ची पुस्तिका काढून बघितली तर अट खरंच छापलेली होती. मी गप्प बसलो. एजंट म्हणाला, "भावा, लिहिलेलं आहे म्हटल्यावर काय करणार." मला हे पटलं नाही असं नाही, पटलंच होतं. बायकोला पटलं नाही. तिनं मोबाइलवर शोधत शोधत कायदा गाठला.

तर मुद्दा असा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याचं कलम 21(4) म्हणतं की शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी विमा ज्या पायावर मिळतो, त्याच पायावर मानसिक आजारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीनं तरतूद करायची. 16 ऑगस्ट 2018 रोजी विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सगळ्या कंपन्यांना हे कलम पाळायला सांगितलं. तरीही जुन्या अटी पुस्तिकांत तशाच राहिल्या. एप्रिल 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं स्किझोअफेक्टिव्ह आजाराच्या एका रुग्णाच्या बाजूनं निकाल देताना सांगितलं की कायदा लागू झाला त्या दिवसापासून हे कलम बंधनकारक आहे, अशी अट पुढं करून क्लेम नाकारता येणार नाही. शेवटी ऑक्टोबर 2022 मध्ये नियामकानं पुन्हा परिपत्रक काढलं: सगळ्या पॉलिसींत मानसिक आजार धरा आणि 31 ऑक्टोबरच्या आत तसं कळवा. म्हणजे माझ्या पत्रात दिलेलं कारण कायद्यानं कधीच निकालात निघालेलं होतं, आणि तरी ते मला पाठवलं होतं.

हे वाचून मला आनंद झाला नाही, संताप आला. आणि बायपोलरवाल्याला संताप आला की घरचे आधी त्याच्या डोळ्यांकडं बघतात, गोळी घेतली का विचारतात. रागावायचीही सोय राहत नाही. म्हणून ठरवलं, फोनवर कुणाशी बोलायचं नाही. जे काय ते लेखी, आणि रात्री लिहिलेलं सकाळी बायकोनं वाचल्याशिवाय पाठवायचं नाही.

12 मे रोजी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. त्यांचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. पानभरच पत्र: क्लेम नंबर, तारखा, कलम 21(4), दोन्ही परिपत्रकं, दिल्लीचा निकाल. वर एक प्रश्न विचारला. 2024 च्या नियमांप्रमाणे क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय कुठलाही क्लेम नाकारता येत नाही, तर माझा कुठल्या समितीनं, कुठल्या तारखेला नाकारला? हा प्रश्न जरूर विचारा. त्याचं उत्तर मला कधीच आलं नाही, पण पुढं सुनावणीत तो कामाला आला. त्याच दिवशी नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवली. तिथून ती परत कंपनीकडंच जाते, पण टोकन नंबर मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

29 मे रोजी उत्तर आलं आणि गंमत म्हणजे कारण बदललं होतं! मानसिक आजाराची अट कुठंच नाही. आता म्हणे भरती मुख्यतः निरीक्षण आणि तपासण्यांसाठी होती, उपचार ओपीडीत होऊ शकले असते.

हे वाचून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "पहाटे तीनला भट्टी विकत घेणारा माणूस ओपीडीत कसा बसवायचा असतो, ते लिहून मागा त्यांच्याकडं." मग स्वतःच्या लेटरहेडवर मुद्देसूद प्रमाणपत्र दिलं: भरतीआधी झोप किती होती, पैशांचे कसले निर्णय चालले होते, औषध चालू करताना रक्तातली लिथियमची पातळी का तपासावी लागते, घरी ठेवण्यात धोका काय होता. "रुग्णास भरतीची आवश्यकता होती" एवढंच वाक्य असलेलं प्रमाणपत्र घेऊ नका, त्यानं काही होत नाही. इनडोअर केस पेपरची पूर्ण प्रतही मागून घेतली. आपली वैद्यकीय कागदपत्रं मिळणं हा कलम 25 प्रमाणे हक्क आहे. झेरॉक्सचे म्हणून हॉस्पिटलनं 500 रुपये घेतले. त्यात रोजच्या नोंदी होत्या, नर्सच्या अक्षरात, "पेशंट रात्री झोपला नाही" असं तारखेसह. सगळ्या फाइलीत मला वाटतं या नोंदींनीच सगळ्यात जास्त काम केलं. वाचायला मात्र त्रास झाला. दुसऱ्याच कुणाबद्दल वाचतोय असं वाटत होतं.

जून असाच गेला. औषधांनी वजन वाढलं, हिशेबाला बसलं की आकडे सरकायचे, वाटायचं सोडून द्यावं. फाउंड्रीत मी रजेसाठी दिलेल्या सर्टिफिकेटवर मनोविकारतज्ज्ञ असं छापलेलं होतं. मालकांनी एक शब्द विचारला नाही, पण पगाराच्या दिवशी तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडं गेलेली दिसली. बोलण्यात काहीच नाही, अगदी "तब्येतीला जप रे" वगैरे. कायद्याच्या कलम 30 मध्ये लिहिलंय की मानसिक आजाराबद्दलचा कलंक कमी करण्यासाठी शासनानं कार्यक्रम आखायचे, त्यांना पैसा द्यायचा आणि ते राबवायचे. त्याच्याही आधी 10 ऑक्टोबर 2014 ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण जाहीर झालेलं आहे. उद्यमनगरात यातलं काय पोचलं म्हणाल, तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. किल्ली काही त्यानं परत येत नाही. क्लेमसाठी निदान दाद मागायला एक दार तरी आहे.

ते दार म्हणजे विमा लोकपाल. कोल्हापूरकरांसाठी पुण्याचं कार्यालय, नारायण पेठेत न. चिं. केळकर रोडवर, जीवन दर्शन इमारतीत. फी शून्य. वकील चालत नाही, एजंटही नाही. तक्रार विमाधारकानं स्वतः करायची, नाहीतर त्याच्या वारसानं किंवा नॉमिनीनं. आधी कंपनीकडं लेखी तक्रार झालेली पाहिजे, आणि कंपनीनं ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत लोकपालांकडं जाता येतं. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. त्याच प्रकरणात कोर्टात किंवा ग्राहक आयोगात गेलेले असाल तर मात्र इथं येता येत नाही. ऑगस्टमध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा चुलतभावाला भलताच जोर चढला, "आता आपलं हायकोर्ट हाय, डायरेक्ट तिथंच घाल केस!" त्याला आवरावं लागलं. सत्तर हजारांसाठी फुकटचं दार उघडं असताना तिकडं कशाला जायचं?

14 जुलैला ऑनलाइन तक्रार भरली. पोस्टानंही करता येते. कारण लिहायच्या रकान्यात आजाराचं नाव लिहायचं होतं. तोवर आम्ही घरातही 'तो त्रास' म्हणायचो. टाइप करून बायकोला दाखवलं, ती म्हणाली, "असू दे, कायद्यातच लिहिलंय तर आपण का लाजायचं?" हे ती म्हणाली खरी, पण पंधरा दिवसांनी तिच्या बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यात मला मणक्याचा त्रास असल्याचं तिनंच सांगितलं. मी काही बोललो नाही.

ऑगस्टमध्ये तक्रार नोंदवल्याचा मेल आला. सोबत एक संमतीचा फॉर्म, तो भरून सही करून परत पाठवायचा. पुन्हा थरथरती सही; या वेळी शेजारी स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं आणि आधार कार्डाची प्रत जोडली, कुणी हरकत घेतली नाही. मग कंपनीला तिचं म्हणणं मांडायला सांगतात, त्याला सेल्फ कंटेन्ड नोट म्हणतात. ती ऑक्टोबरात माझ्याकडं आली. तीत दुसरंच कारण होतं, ओपीडीचं. पहिल्या पत्राचा उल्लेखही नाही. म्हणून मी दोन्ही पत्रं एकाखाली एक लावून, तारखांवर खूण करून परत पाठवली.

सुनावणी 12 नोव्हेंबरला, व्हिडिओवर. पुण्याला जाऊनही करता येते, पण महामार्गाचं सहापदरीकरण चालू असताना स्वारगेटला वेळेत पोचायची हमी कोण देणार? आमच्या घरात भिंती पातळ, फाउंड्रीत लेथचा आवाज. म्हणून राजारामपुरीत भावाच्या फ्लॅटवर बसलो. आदल्या रात्री झोप लागावी म्हणून डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. सगळ्यांनाच सांगतो, सुनावणीच्या ताणात औषधांची वेळ चुकवू नका.

पंधरा-वीस मिनिटांत आटोपलं. आधी मला बोलू दिलं. मराठीत बोललो. तीनच मुद्दे कागदावर लिहून घेतले होते: पहिलं कारण कायद्याविरुद्ध, दुसरं कारण नंतर शोधलेलं, आणि भरती का लागली याचे पुरावे केस पेपरात. कंपनीच्या प्रतिनिधीनं लिहून आणलेलं वाचून दाखवलं. लोकपालांनी त्यांना विचारलं की पहिल्या पत्रातली अट आज लागू आहे का. ते म्हणाले, नाही. मग क्लेम समितीचा निर्णय कुठं आहे? तो त्यांच्याकडं नव्हता. मला विचारलं, भरतीआधी शेवटची पूर्ण झोप कधी झाली होती. मी सांगितलं. अनोळखी माणसांसमोर "मला बायपोलर आहे" हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो ते तिथं, आणि लोकपालांनी ते नोंदवून घेतलं आणि पुढच्या मुद्द्याकडं वळले. डेंग्यू म्हटलं असतं तरी असंच वळले असते. मला त्या दिवशी सगळ्यात बरं वाटलं ते याचं.

1 डिसेंबरला निकालाची प्रत मेलवर आली. नोंदणी फी, हातमोजे, सोबतच्या माणसाचं जेवण असे 4,380 रुपये वजा करून 67,270 रुपये, वर व्याज. कंपनीनं 30 दिवसांत निकाल पाळायचा, नाहीतर दिवसाला 5,000 रुपये दंड तक्रारदाराला द्यायचा, असा नियम आहे. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. पटला नाही तर आपल्याला पुढं जाता येतं. 24 डिसेंबरला पैसे जमा झाले. मेहुण्याचे आधी दिले, भिशीचा हप्ता भरला. चौकशीवाला दुकानात कसा बोलला हेही मी तक्रारीत लिहिलं होतं. निकालात त्याबद्दल काही नाही.

माझी ओपीडी आणि महिन्याच्या गोळ्या पॉलिसीत बसत नाहीत. तो खर्च चालूच आहे.

जानेवारीत वॉर्डातल्या शिक्षकांच्या बायकोचा फोन आला. आम्हाला क्लेमचे पैसे मिळाले हे त्यांना हॉस्पिटलात कळलं होतं. त्यांनी शेवटी शाळेला न सांगता क्लेम टाकला होता आणि माझ्यासारखंच नकाराचं पत्र आलं होतं. त्यावर केलेली तक्रारही कंपनीनं फेटाळली होती, ते पत्र जुलैच्या तारखेचं. म्हणजे या जुलैपर्यंत मुदत आहे. मी माझ्या तक्रारीची प्रत, परिपत्रकांच्या तारखा आणि डॉक्टरांकडून काय काय लिहून घ्यायचं त्याची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. कागद त्यांनी जमवलेत. पॉलिसी सरांच्या नावावर, म्हणून सही सरांचीच लागते, आणि सर अजून तयार नाहीत. परवा त्यांनी विचारलं, आजाराचं नाव न लिहिता तक्रार चालते का. मी सांगितलं, चालत नाही.